लिस्बनचे ‘शोधांचे स्मारक’: पाहण्याजोगे, पण अर्धेच बोलके

बेलें भागात तेझु नदीकाठी जहाजाच्या आकारात उभारलेले हे स्मारक मुळात 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते बांधले गेले आणि 1960 मध्ये, सागरी सफरींना पाठबळ देणाऱ्या पोर्तुगीज राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या स्मृतिवर्षी, काँक्रीट व दगडात कायमचे उभे राहिले. तिकीट काढून लिफ्टने गच्चीवर जावेच, कारण खालच्या फरसबंदीवरील संगमरवरी नकाशा, त्यातील सफरींच्या मार्गांसह, तिथूनच नीट उलगडतो.

स्मारकावरील पोर्तुगीज दर्यावर्दी आणि त्यांच्या काळातील इतरांची शिल्पे देखणी आहेत. मात्र ही माणसे समुद्रात का उतरली, याचे उत्तर ती धैर्य आणि धर्म एवढ्यावरच आटोपतात. 1415 मध्ये उत्तर आफ्रिकेतील सेउता हे बंदर जिंकल्यानंतर पोर्तुगीजांना खुणावणारे पश्चिम आफ्रिकेतील सोने व गुलामांचा व्यापार, व्हेनिसच्या हातातून येणारी महाग मिरी, आणि पूर्वेकडे कुठेतरी असलेल्या ख्रिस्ती राजाशी मुसलमान सत्तांविरुद्ध हातमिळवणी करण्याची आशा, या साऱ्या प्रेरणा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. 1498 मध्ये कालिकतला पोहोचलेला वास्को द गामा ख्रिस्ती आणि मसाले दोन्ही शोधत होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतले हे बांधकाम हिशेबवही दाखवणार नाही, हे उघडच आहे. गोवा जिंकणारा आल्बुकर्क आणि संत फ्रान्सिस झेवियर एकाच रांगेत दिसतात, तिथे मराठी प्रवाशाने थोडे रेंगाळावे.