शेवटच्या तिमाहीत घरचा डॉप्लर आणि हालचालींची वही: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गरोदरपणाच्या 28व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत मी बाळाचे ठोके ऐकण्यासाठी हातात धरण्याचा डॉप्लर आणि हालचाली टिपण्यासाठी एक साधी वही, अशी दोन्ही साधने वापरली. डॉप्लर घेण्याच्या विचारात असलेल्या स्त्रियांनी पैसे भरण्यापूर्वी हा अनुभव वाचावा असे मला मनापासून वाटते.

यंत्र म्हणून त्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. जेल लावून प्रोब ओटीपोटावर हळूहळू फिरवला की अल्ट्रासाउंड लहरी धडधडत्या हृदयावर आपटून परततात आणि त्यांच्या बदललेल्या कंप्रतेपासून यंत्र आवाज तयार करते. म्हणजे आपण ऐकतो तो प्रत्यक्ष हृदयाचा ध्वनी नसून यंत्राने घडवलेला असतो. अडचण अशी की पोटात एकाच वेळी अनेक प्रवाह चालू असतात. वारेतील (प्लॅसेंटातील) रक्तप्रवाह घोंघावतो, आईच्या मोठ्या रक्तवाहिन्या आपल्या लयीत ठोके देतात आणि बाळ कूस बदलताच सापडलेली जागा हरवते. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण 110 ते 160 असतात. आईची नाडी एरवी बरीच मंद असते, परंतु ताप, श्रम किंवा भीतीमुळे ती 110 च्या पुढे गेली, तर पडद्यावरचा आकडा बाळाचाच आहे असा समज सहज होतो. म्हणूनच मी प्रत्येक वेळी दुसऱ्या हाताने मनगटावरील स्वतःची नाडी तपासत असे, आणि दोन्ही लयी जुळल्या तर तो आकडा सोडून देत असे.

याहून गंभीर मर्यादा आकड्याच्या अर्थाची आहे. ठोके ऐकू आले म्हणजे त्या क्षणी हृदय चालू आहे एवढेच कळते. बाळ सुखरूप आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. प्राणवायू कमी पडू लागला की बाळ शक्ती राखण्यासाठी हालचाल कमी करते, आणि तेव्हाही ठोक्यांचा आकडा नेहमीच्या मर्यादेत असू शकतो. रुग्णालयातील एनएसटीमध्ये (नॉन-स्ट्रेस टेस्ट, म्हणजे बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाची तपासणी) पोटाला पट्टे बांधून निदान 20 मिनिटे आलेख काढतात तो याच कारणासाठी. 32 आठवड्यांनंतर त्या वेळेत ठोके मूळ गतीपेक्षा किमान 15 ने वाढून ती वाढ 15 सेकंद टिकते का, असे किमान दोनदा घडते का, आणि मध्येच ठोके घसरत तर नाहीत ना, हे तेथे पाहिले जाते. बाळ झोपेत असेल तर आलेख 40 मिनिटांपर्यंत लांबवतात. आलेखच न काढणाऱ्या घरच्या यंत्राकडून आणि तो वाचण्याचे शिक्षण नसलेल्या माझ्यासारखीकडून हे काम होणे शक्य नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) 2014 मध्ये अशी यंत्रे घरी स्वतःहून वापरू नयेत असे जाहीरपणे सांगितले होते, आणि महिनोन्‌महिने वापरल्यानंतर मला ते पूर्णपणे पटते.

वहीने मात्र जे दिले ते यंत्राला देता आले नाही. रोज साधारण त्याच वेळी, बाळ एरवी जागे असते तेव्हा, मी डाव्या कुशीवर पडून दहा हालचाली व्हायला किती वेळ लागतो ते लिहीत असे. लाथ, ढुशी, कूस बदलणे हे सारे मोजायचे; उचकी मोजायची नाही. दोन तासांत दहा हालचाली जाणवाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे, परंतु मला त्या आकड्यापेक्षा माझ्या बाळाची स्वतःची रीत अधिक उपयोगी वाटली. काही आठवड्यांतच ते संध्याकाळी भरपूर फिरते आणि सकाळी शांत असते हे लक्षात आले. वार पुढच्या बाजूला असलेल्या स्त्रियांना हालचाली, विशेषतः सुरुवातीला, कमी जाणवतात, त्यामुळे त्यांनी दुसऱ्या कोणाशी तुलना करू नये. दिवस भरत आले की जागा अपुरी पडून बाळ कमी फिरते, हे तर मला कितीतरी जणींनी सांगितले. ते खरे नाही. हालचालींचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी सरकणे आणि रेटणे वाढते. हालचाल मंदावणे हे प्रसूती जवळ आल्याचे लक्षण मानू नये.

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी बाळ नेहमीसारखे फिरले नाही, तेव्हा डॉप्लर हाताशी असूनही मी तो लावला नाही आणि थेट रुग्णालय गाठले. ठोके ऐकून धीर आला असता आणि मी सकाळपर्यंत थांबले असते, हीच भीती होती. तेथे एनएसटी झाली. त्यानंतर सोनोग्राफीत बाळाच्या हालचाली, अवयवांचा ताठपणा, श्वासासारख्या हालचाली आणि गर्भजल पाहिले गेले. एनएसटी धरून या पाच गोष्टींना प्रत्येकी 2 असे 10 पैकी गुण देतात आणि 8 किंवा 10 गुण, गर्भजल पुरेसे असताना, दिलासा देणारे समजले जातात. आमचे सारे ठीक होते. विनाकारण आलात असे कोणी म्हणाले नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

नोंदींवरही वाजवीपेक्षा अधिक भार टाकू नये. ब्रिटन आणि आयर्लंडमधील रुग्णालयांत झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, स्त्रियांना हालचालींविषयी जागरूक करून ठरावीक पद्धतीने तपासण्या केल्यानंतरही पोटातील मृत्यू निश्चितपणे घटल्याचे दिसले नाही. उलट कृत्रिमरीत्या कळा आणण्याचे आणि सिझेरियनचे प्रमाण वाढले. तरीही मी वहीच निवडेन, कारण रोजची रीत ठाऊक असल्याशिवाय त्यात पडलेला फरक ओळखता येत नाही.

ज्यांच्याकडे डॉप्लर आधीच आहे त्यांनी तो हालचाल कमी वाटली असताना काढू नये. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णालयात फोन करावा आणि कितवा आठवडा चालू आहे, शेवटची हालचाल केव्हा जाणवली, रक्तस्राव किंवा पाणी जाणे आहे का, एवढे सांगून लगेच निघावे.