आयुष्यभर बीड बघितलं आणि पुट्टीला फसलो

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत ३१ वर्षं काढली, कास्टिंगवर हातोडीची टिचकी मारली की बद्द आवाजावरून चीर ओळखायचो, आणि त्याच मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चिरलेला लेथ (लोखंड फिरवत ठेवून तासायचं मशीन) पैसे मोजून घरी आणला.

घरात अजून सगळा हिशेब सांगितलेला नाही. तो असा: मशीन ८७,०००, चढवायला हायड्रा क्रेन ३,०००, टेम्पो ८,५००, अनगोळात गल्लीत उतरवून साखळीच्या कप्पीनं शेडात घ्यायला २,५००. एक लाख एक हजार. आहेराच्या पाकिटासारखा आकडा.

मी काही बावळट नव्हे. 'मिलिटरीत आहे, बदली झाली, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील' असले फोन मला चार आलेत. बेळगावात कॅम्प असल्यामुळं ती थाप इथं जरा जास्तच खपते. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच, एवढं मला कळतं. म्हणून तर नुसती जाहिरात बघून दमडी पाठवली नाही. निपाणी मागं टाकली, कोगनोळीचा नाका ओलांडला, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला एका शेडात जाऊन मशीन डोळ्यांनी बघितलं. आणि तिथंच मेलो. न बघता फसलेल्याबद्दल निदान लोक हळहळतात तरी.

सहा फुटी लेथ, नुकताच हिरवा रंग दिलेला. (जुन्या मशीनला नवा रंग दिसला की दोन पावलं मागं सरा.) पोरगा तिशीतला, तोंडाचा गोड. 'काका, वडील वारले, शेड मोकळं करून द्यायचंय. भंगारात घालायला मन होईना, जाणत्या माणसाच्या हातात जाऊ दे.' जाणता माणूस! सगळ्यात महाग तोच शब्द पडला. असा लेथ सवा लाखाच्या आत मी ऐकला नव्हता, आणि ८७ ला तो अगदी रडतखडत तयार झाला. रडणंही छान जमलं होतं.

मी म्हटलं, चालवून दाखव.

'काका, आज फीडरवर काम काढलंय. सकाळपासून लाईट नाही.'

आता हे नीट वाचा. शेजारच्या शेडात ग्राइंडर चालू होता. मी ऐकला. जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, टेकला की ग्राइंडरचा सूर खाली बसतो, उचलला की चढतो, तसा तो बसत होता, चढत होता. मनात म्हटलं, जनरेटर असेल. मग जनरेटरचा आवाज कुठाय, हे मनानं विचारलं नाही. समोरच्या टपरीवर चहाला गेलो तर डोक्यावर पंखा फिरत होता. त्या पंख्याखाली बसून मी मोबाईलवरून ७,००० टोकन दिलं. पंख्याखाली! रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो पंखाच दिसतो.

कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, बेडच्या (मशीनच्या लांब बिडाच्या पायाच्या) या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, हेही मला माहीत होतं. काम सगळं चकाजवळ, जॉब धरतात त्या टोकाला, चालतं, बेड तिथंच झिजतो. झिजलेल्या जागी नीट बसवलेलं कॅरेज टेलस्टॉककडं, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडं, नेलं की आवळतं. पण टेलस्टॉकच बेडच्या मध्यावर. 'जाम झालाय काका, तेल सोडलंय, निघेल दोन दिवसांत.' अर्ध्या बेडवर कॅरेज लोण्यासारखं फिरलं. मी खूश.

तिसऱ्या दिवशी ८०,००० रोख. रोखच का, तर वडिलांचं खातं बँकेनं गोठवलंय. पावती मागितली नाही असं नाही, मागितली. म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. हायड्रावाला घाई करत होता, टेम्पोवाला घाई करत होता, आभाळ भरून आलं होतं. अशा वेळी कोण भांडत बसतं? तुम्ही बसा. पावती हातात आल्याशिवाय मशीनला साखळी लावू देऊ नका.

घरी टेलस्टॉक पंधरा मिनिटांत सुटला. जाम नव्हताच, खाली लोखंडी पाचर ठोकली होती. कॅरेज पुढं ढकललं, वीतभर गेलं आणि अडलं. गिअरबॉक्स उघडला तर आत घट्ट ग्रीस कोंबलेलं, दोन गिअरांचे दात गेलेले. मग चकाकडच्या हेडस्टॉकखाली चाकूनं रंग खरवडला. पुट्टीची खपली निघाली आणि खाली बेडला चीर. लोहचुंबक लावला असता तर त्या पुट्टीवर तो नीट धरलाच नसता. चुंबक माझ्या खिशात असतो. त्या दिवशीही होता.

त्याचा फोन बंद. शेडमालक म्हणाला, महिनाभराच्या भाड्यानं दिलं होतं. शेडचं लाईटबिल कुणाच्या नावावर आहे, एवढं विचारलं असतं तर!

इथल्या ठाण्यात म्हणाले, शेड महाराष्ट्रात, तिकडं जा. तिकडं गेलो तर, माल बेळगावात, तुम्ही बेळगावचे, तिकडं द्या. वर हे की 'तुम्ही बघून घेतलाय, हे प्रकरण दिवाणी.' अरे, पाचर ठोकली, पुट्टी भरली, खोटा बाप मारला, हे दिवाणी? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, ठाण्यानं नोंदवून घ्यायचा. मी कागद छापून नेला. साहेबांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला तर ७,००० ची तक्रार घेतली, पण तोवर एकोणीस दिवस उलटलेले. रोखीचे ८०,००० त्यांच्या खात्यात बसत नाहीत. इथं मराठी अर्ज नको म्हणाले, ३०० रुपये देऊन कन्नडात लिहून घेतला. तर साहेब बंदोबस्ताला. 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या. पाच खेपा झाल्या, पाचही वेळा नाळे बर्री. आम्हा सीमाभागातल्यांना म्हणायला दोन राज्यं, खरं एकाचंही दार उघडत नाही.

लाईट नाही म्हटलं की उठा. लाईट असेल तर १५० मिलिमीटरचा बार लावून हलका कट मारा आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोजा, सारखी भरतात का बघा. जमत नसेल तर ५०० रुपये देऊन टर्नर सोबत न्या. मी नेला नाही. मला कशाला लागतोय टर्नर!

परवा भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं आल्या आल्या काय केलं? बेडवर हातोडी मारली. बद्द. 'मालक, चीर आहे की ओ.' मग म्हणाला, असू दे, चिरलेलं काय आणि चांगलं काय, किलोला तीसच.