कूलरच्या टबात पडलेला स्पीकर: नऊ महिने वापरल्यावर

हा ब्लूटूथ स्पीकर एप्रिलमध्ये नागपूरच्या बर्डीवरून घेतला. 20 वॅट, खोक्यावर 12 तासांची बॅटरी आणि मोठ्या अक्षरात आयपी 67, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरवाल्यांशी माझं अजून मिटायचं आहे.

पाण्याची परीक्षा मी मुद्दाम घेतली नाही, ती आपोआप झाली. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरत होतो, वर ठेवलेला स्पीकर धपकन टबात. गाणं तिथेच बंद. वाटलं, गेले पैसे! बाहेर काढला तर दोन सेकंदांत ब्लूटूथ परत जुळलं. स्पीकर बिघडला नव्हता, ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेतं, म्हणून संपर्क तुटला होता. आवाज मात्र सर्दी झाल्यासारखा येत होता, कारण जाळीत पाणी अडकलं होतं. दोन्ही टोकांना बेससाठी रबरी पडदे आहेत. आवाज वाढवला तसे ते थरथरले आणि पाण्याचे थेंब टेबलावर उडायला लागले. आई म्हणाली, ‘‘कुत्र्यासारखं अंग झाडतंय की रे!’’ संध्याकाळपर्यंत आवाज मोकळा झाला.

आयपी 67 मधला 6 धुळीसाठी, म्हणजे धूळ आत शिरत नाही. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं. खोक्यावर आयपीएक्स 7 असेल तर धुळीची हमी दिलेली नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते ते सांगायला नको. शिवाय ही चाचणी साध्या पाण्यात होते, साबणाच्या किंवा खारट पाण्यात नाही. कूलरचं पाणी वाळल्यावर जाळीवर पांढरा थर धरला, म्हणून नळाखाली धुऊन घेतला.

खरा त्रास पाण्याने नाही, उन्हाने दिला. दुपारभर स्कूटरच्या डिक्कीत राहिला, घरी येऊन चार्जिंगला लावला तर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर तापली की सर्किट चार्जिंग अडवतं, आणि ते बरंच आहे. पण नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच तेवढी तापते, बंद डिक्कीचं तर विचारूच नका. रात्री गार झाल्यावर गुपचूप चार्ज झाला. ‘उन्हात ठेवू नका’ ही सूचना पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरात होती. तीच खोक्यावर छापायला हवी होती.

बॅटरी 12 तास फक्त मंद आवाजात पुरते. गच्चीवर चार पोरं जमली की सात तास, त्यापेक्षा जास्त नाही. 40 वॅटचा घेतला असता तर आवाज दुप्पट झाला असता, असंही समजू नका. वॅट दुप्पट केले की आवाज तीनच डेसिबल वाढतो, कानाला थोडासाच फरक.

रेंज मोकळ्या जागेत ठीक. खिंडसीला तलावाकाठी दहा-बारा पावलांवरूनही अडखळला नाही. पण फोन खालच्या खोलीत आणि स्पीकर गच्चीवर असला की स्लॅबने कारभार आटोपला. फोन मागच्या खिशात ठेवून पाठ फिरवली तरी कधी कधी तुटतो, कारण आपलं शरीरही पाणीच.

ऑक्सची पिन, म्हणजे वायरने जोडायची सोय नाही, हे बाबांना अजून पटलेलं नाही. त्यांना जुना रेडिओ जोडायचा होता.

आता भांडणाचं कारण. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सप्टेंबरमध्ये ढिलं पडलं. वॉरंटी एक वर्षाची, तरी सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, ‘‘झाकण वॉरंटीत येत नाही भाऊ.’’ अरे, वॉटरप्रूफ म्हणून विकता आणि पाणी अडवणारं झाकण वॉरंटीत नाही? तीन चकरा झाल्या. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवलाय. त्याच्या भरवशावर स्पीकर पाण्यात बुडवायची माझी हिंमत नाही, पण सकाळी आई झाडांना पाणी घालताना हरिपाठ लावते, तेवढे शिंतोडे तो निमूट सोसतो.