वातीचं मशीन घेण्याआधी ‘माल आम्हीच परत घेऊ’ याचा हिशोब मांडा

भांडुपच्या आमच्या बचत गटातल्या काही जणींचे पैसे कापसाच्या वातीच्या मशीनमध्ये बुडाले. मशीन चालतं, वाती चांगल्या होतात, फसवणूक त्यात नाहीच. ती परतखरेदीच्या दरात आहे.

बोलणं असं असतं: मशीन विकत घ्या, कापूस 300 रुपये किलोने आमच्याकडूनच न्या, वाती 600 रुपये किलोने आम्हीच घेऊ. करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, खाली नोटरीचा शिक्का. सुरुवातीचे पैसे अगदी वेळेवर मिळतात. त्या भरवशावर बायका नणंदा-जावांना, शेजारणींना घेऊन येतात. मग माल ‘रिजेक्ट’ व्हायला लागतो, आणि शेवटी ऑफिसला कुलूप.

पैसे भरण्याआधी मुंबईतल्या भुलेश्वरच्या बाजारात जाऊन पूजा साहित्याच्या दोन-तीन घाऊक दुकानांत विचारा, सुट्या वाती किलोने काय भावाने घेता? कंपनीचा भाव त्याहून जास्त असेल, तर तोट्यात माल घेणारी ही कंपनी पैसे आणते कुठून? नव्या बाईने मशीनसाठी भरलेल्या रकमेतून. नवी गिऱ्हाइकं थांबली की पैसेही थांबतात.

मेहनतीचा हिशोबही घरच्या काट्यावर करता येतो. 100 वाती मोजून वजन करा. 20 ग्रॅम भरलं तर किलोला 5000 वाती. एका वातीला 3 सेकंद धरले तरी न थांबता चार तासांच्या वर काम, त्यात कापूस पिंजणं, मोजणं, पिशव्या भरणं वेगळंच. ‘दोन तासांत सहज किलो’ म्हणणाऱ्याला तुमच्यासमोर तासभर मशीन चालवायला सांगा.

माल नाकारायला निमित्तं तयारच असतात. सर्वांत मोठं वजनाचं. कापूस हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात दमट गोदामातून मोजून दिलेला 10 किलो कापूस घरात पंख्याखाली सुकला की तीनशे ग्रॅमच्या आसपास सहज घटतो. ही घट तुमच्या माथी मारून पैसे कापतात. तोच माल जुलैत परत नेला तर ‘ओला आहे’ म्हणून नाकारतात. करारात घट किती टक्के चालेल हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

दुसरं निमित्त ‘वात सुटते, काजळी धरते’. तेव्हा दोष बहुतेकदा त्यांनीच दिलेल्या कापसाचा असतो: आखूड धाग्याचा गिरणीचा उरलेला माल, नाहीतर पॉलिएस्टरची भेसळ. चिमूटभर कापूस चिमट्यात धरून जाळा. शुद्ध कापसाला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर आकसून वितळतं आणि कडक काळा मणी राहतो. व्हिस्कोसची (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याची) भेसळ मात्र यात पकडता येत नाही, तोही कागदासारखाच जळतो. कापूस पाण्यात पटकन बुडतो हे चांगल्या मालाची खूण म्हणून दाखवतात, त्याला भुलू नका. तो गुण जखमेच्या कापसाला लागतो. साधा कच्चा कापूस पाण्यावर तरंगला तरी तेल छान ओढतो.

नोटरीचा शिक्का सही कोणाची एवढंच सांगतो, कंपनी खरी आहे हे नाही. मशीनचं पक्कं बिल मागा आणि त्यावरचा 15 अंकी जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातली नोंदणी 27 ने सुरू होते.

पैसे अडकले असतील तर बिल, करार, व्हॉट्सॲपचे मेसेज, बँकेच्या नोंदी आणि त्यांच्याच कापसाचा थोडा नमुना जपून ठेवा. ऑनलाइन भरलेल्या पैशांसाठी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. चेक परत आला तर बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायलाच हवी. पोलिसांत एकेकटीने जाऊ नका, सगळ्यांनी मिळून एकच तक्रार द्या. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ‘तुम्ही धंदा करत होता, ग्राहक नाही’ असं तिथे म्हटलं जाईल. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येत बसतं, हे अर्जातच लिहा.