मेमरी कार्ड आणि ॲपच्या परवानग्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड पोर्टेबल (काढून दुसरीकडे वापरता येईल असं) ठेवून पाहिलं, इंटर्नल (फोनच्या स्वतःच्या मेमरीचा भाग) करूनही पाहिलं. ॲपला फाइल दाखवायची की नाही हे फोन ठरवतो. कार्ड बाहेर काढलं की तो पहारा संपला.

पोर्टेबल कार्डावर एक्सफॅट किंवा फॅट३२ ही फाइल मांडून ठेवायची पद्धत असते. कोणती फाइल कोणी वाचायची, याची नोंदच त्यात राहत नाही. कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला जोडलं की आधारच्या स्कॅनसकट सगळं उघडं. डिलीट केलेले फोटोही फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा परत काढतं. म्हणून अशा कार्डावर गाणी, सिनेमे ठेवा, कागदपत्रं नकोत.

अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड इंटर्नल करता येतं. त्यावरचा डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि किल्ली फोनमध्येच राहते, त्यामुळे चोराला कार्डाचा उपयोग नाही. पण फोन बिघडला किंवा फॅक्टरी रीसेट झाला की तुम्हालाही नाही. बॅकअप नसेल तर या वाटेला जाऊच नका. शिवाय फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं, आणि कार्ड मंद असेल तर त्यावर हलवलेली ॲप्स रखडतात. किमान ए१ शिक्क्याचं घ्या (ॲप चालवण्याइतक्या वेगाची खूण): सेकंदाला विखुरलेला डेटा किमान १५०० वेळा वाचणं, ५०० वेळा लिहिणं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये इंटर्नलचा पर्याय नसतो. तिथे सिक्युरिटीमध्ये 'एन्क्रिप्ट एसडी कार्ड' शोधा, आणि रीसेटआधी डिक्रिप्ट करायला विसरू नका.

आता परवानग्या. अँड्रॉइड १३ पासून फोटो-व्हिडिओ आणि ऑडिओ वेगळे मागावे लागतात. १४ मध्ये फक्त निवडक फोटो देता येतात, तेच द्या. खरी मेख 'ऑल फाइल्स ॲक्सेस'मध्ये आहे: ती दिली की ॲपला कार्डावरच्या जवळपास सगळ्या फाइल मोकळ्या. सेटिंग, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस असं जाऊन यादी बघा (फोनगणिक नावं थोडी बदलतात). फाइल मॅनेजर आणि बॅकअपचं ॲप सोडून बाकी नावं दिसली तर बंद करा. टॉर्चला कसल्या फाइल हव्यात? कर्ज देणाऱ्या ॲपने फोटो किंवा कॉन्टॅक्ट मागितले तर ते काढूनच टाका. गूगल प्लेने ३१ मे २०२३ पासून त्यांना ते मागायला मनाई केली आहे.

एखाद्या ॲपला एकच फोल्डर हवा असेल तर फाइल निवडण्याच्या खिडकीतून तेवढाच द्या. अँड्रॉइड ११ पासून कार्डाचं मूळ फोल्डर तिथून देताच येत नाही, त्यामुळे आधी एक उपफोल्डर करून ठेवा.