उबुडचा व्हिला: खाटा पाच, रेलिंग शून्य

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मी एकतीस वर्षं सेफ्टी खात्यात काढली. कुठेही गेलो की आधी जिना बघायचा, मग बाहेर पडायची वाट, मग निसर्ग, असा माझा क्रम. 'आजोबा फार किरकिर करतात' असं ज्यांना वाटणार आहे, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मे महिन्यात नेरुळहून आम्ही सहाजण बालीला गेलो. मी, सौ., मुलगा, सून, साडेपाच वर्षांचा नातू आणि पावणेदोन वर्षांची नात. उबुडच्या उत्तरेला, तेगलालांगच्या बाजूला सहा रात्रींसाठी व्हिला घेतला होता. दिवसाला साडेचौदा हजार रुपये, नाश्त्यासकट. बुकिंगआधी मुलाने मालकाच्या एजंटला मुद्दाम कळवलं होतं की बरोबर दोन लहान मुलं आहेत. 'येस सर, व्हेरी सेफ' असं उत्तर आलं. 'फॅमिली व्हिला' म्हणजे नुसत्या खाटा जास्त, हे पोचल्यावर कळलं.

पैशांचं आधी सांगून टाकतो. व्हिसा ऑन अरायव्हल माणशी पाच लाख रुपिया, आणि 2024पासून बालीचा पर्यटक कर माणशी दीड लाख. मांडीवरचं मूलही यातून सुटत नाही. सहाजणांचे एकोणचाळीस लाख झाले म्हटल्यावर सौ.चा चेहरा बघण्यासारखा झाला. आपले ते वीस हजारांच्या आसपास होतात, पण मधल्या पाच मिनिटांत तिने मनातल्या मनात नेरुळचा फ्लॅट विकून झाला होता.

विमानतळ ते व्हिला दोन तास. उबुडच्या अलीकडे जी गाडी अडकली, ती थेट शिळफाटा. शिवाय व्हिलाच्या दारापर्यंत गाडी जातच नाही. शेवटची दोनशे पावलं शेताच्या बांधावरून चालायची, बॅगा स्कूटरवरून येतात. लिस्टिंगमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. बाबागाडी घडी घातलेली गेली, तशीच परत आली.

आता स्विमिंग पूल. फोटोत तो सुंदर दिसतो आणि खरोखरही सुंदर आहे. पण बैठकीच्या खोलीला चौथी भिंतच नाही, सोफ्यापासून मोजून सहा पावलांवर पाणी. छत्री बुडवून बघितलं, काठालाच साडेचार फूट. तळाला तिथला हिरवा दगड, त्यामुळे पाणी शेवाळी दिसतं आणि तळ दिसत नाही. पलीकडची कड सरळ खालच्या खाचरात उतरते. मूल बुडतं तेव्हा आरडाओरडा होत नाही, गुपचूप जातं, हे मी ट्रेनिंगमध्ये शेकडो कामगारांना सांगितलंय. पहिल्या रात्री मी त्या सोफ्यावरच झोपलो. म्हणजे पडून राहिलो.

माडीच्या रेलिंगची तीच कथा, रेलिंग म्हणजे नुसते उभे बांबू. दोन दांड्यांमधली फट चार इंचांच्या आत हवी, इथे सात. नातीचं अस्वल त्यातून आरामात गेलं आणि खाली चिखलात पडलं. जिन्याला तर आधारच नाही, भिंतीतून नुसत्या फळ्या निघालेल्या. सगळ्यांनी खालीच झोपायचं आणि वर कोणी जायचं नाही, असा हुकूम मी काढला. म्हणजे पाच खाटांपैकी दोन गेल्या, पैसे मात्र पाचांचे.

एजंटला कळवलं. म्हणाला, पूलभोवती जाळी भाड्याने मिळते, दिवसाचे वेगळे पैसे, आणि लागायला दोन दिवस.

इथे इबूचा प्रवेश. तिकडे मोठ्या बाईला इबू म्हणतात. सकाळी येऊन नाश्ता आणि साफसफाई करणारी ही बाई आमचा रात्रीचा पहारा बघून गेली आणि तासाभरात नवऱ्याला घेऊन आली. त्याने बांबू चिरले, दोरीने करकचून बांधले आणि खोलीच्या उघड्या तोंडाला कमरेएवढं फाटक बसवलं. कडी बाहेरच्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशी. बांधकामाच्या परांचीवर चढण्याआधी बघतात तसं मी दोन्ही हातांनी ते गदगदा हलवून पाहिलं. हललं नाही. परांची तपासून झाली की आम्ही हिरवा टॅग लावायचो. नातवाच्या खडूने तसाच एक रंगवला, तारीख घातली आणि फाटकाला अडकवला. पैसे द्यायला गेलो तर घेईनात, शेवटी सौ.ने चितळ्यांची बाकरवडी दिली.

बालीत अपत्याच्या क्रमाने नाव ठेवतात, पहिलं वायान, दुसरं मादे. इबूने आमच्या दोघा नातवंडांना तीच नावं लावली. ती रोज सकाळी उंबऱ्यावर नारळीच्या पानाची छोटी परडी ठेवायची, फुलं, उदबत्ती आणि एखादं बिस्किट. तिसऱ्या दिवशी आमच्या मादेने रांगत जाऊन देवाचं बिस्किट खाल्लं. आम्ही ओशाळलो, इबू खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून परडीत दोन बिस्किटं.

स्वयंपाकघर ठीक. दोन शेगड्या आहेत, कुकर नाही. आम्ही तीन लिटरचा नेला होता, म्हणून मऊ भात-मेतकूट रोज झालं. नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलाही जारचंच घ्या. आपली दोन गोल पिनांची प्लग बसते, जाड तीन पिनांची नाही. मच्छरदाण्या चांगल्या. रात्री तोके नावाची भलीमोठी पाल ओरडते, सात वेळा ओरडली तर शुभ म्हणतात. नातू मोजत मोजत झोपायचा, पाचाच्या पुढे कधी गेला नाही.

भाताची खाचरं, पाटाचं झुळझुळ पाणी, हे मुलांनी पहिल्यांदा पाहिलं. सौ. म्हणाली, कर्जतला गेलो असतो तर लोकलने जमलं असतं.

पाचपैकी अडीच. अडीच्या अडीच इबूचे. मुलं दहाच्या पुढची असतील तर बिनधास्त जा.

डिपॉझिटमधून दीड लाख रुपिया कापून आले, कारण 'बांबूचं फाटक काढण्याचा खर्च'. परवा सुनेने लिस्टिंग उघडून दाखवलं. नवा फोटो टाकलाय. फाटक जागेवर आहे, माझा टॅगही.