टायरात नायट्रोजन भरावा का? खान्देशच्या उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वापरून आलेला अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. फुकट मिळत असेल, किंवा नवे टायर बसवताना दुकानदार त्याच पैशात भरून देत असेल, तर नायट्रोजन जरूर भरा. तोटा काहीच नाही. पण त्यासाठी वेगळे पैसे मोजणार असाल तर आधी एक चांगलं प्रेशर गेज घ्या. नायट्रोजनने वाचेल त्यापेक्षा जास्त हवा त्या गेजने वाचते.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ट्यूबलेस टायर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चारही चाकांना 33 पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). मे महिन्यात पुढच्या जोडीत नायट्रोजन आणि मागच्या जोडीत पंपावरची साधी हवा भरली. पावसाळ्यानंतर रोटेशन करताना पुढची चाकं मागे आणि मागची पुढे गेली, त्यामुळे इंजिनाच्या बाजूचं वजन नि ब्रेकची उष्णता दोन्ही जोड्यांच्या वाट्याला आली. रस्ते आपले नेहमीचेच : जळगाव-धुळे महामार्ग, चाळीसगावकडून कन्नडचा घाट, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले शेतरस्ते. मोजणी दर वेळी सकाळी, गाडी जागची हलवायच्या आधी, एकाच डिजिटल गेजने.

जानेवारीपर्यंत नायट्रोजनच्या चाकांतून दीड पीएसआयच्या आसपास गेले, हवेच्या चाकांतून अडीचच्या आसपास. तापमानामुळे पडणारा फरक यातून वजा केलेला आहे. म्हणजे सात-आठ महिन्यांत फरक पडला तो एक पीएसआयचा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने 31 प्रकारचे टायर 30 पीएसआयला भरून वर्षभर ठेवले होते. त्यात हवेच्या टायरांतून सरासरी 3.5 आणि नायट्रोजनच्या टायरांतून 2.2 पीएसआय कमी झाले होते. हा हिशेब त्याला धरूनच आहे.

फरक पडतो कशामुळे, तर टायरच्या आतल्या बाजूला ब्युटाइल रबराचा थर असतो. त्यातून ऑक्सिजन नायट्रोजनच्या तीन-चार पट वेगाने झिरपतो. आपण ज्याला साधी हवा म्हणतो तिच्यात 78 टक्के नायट्रोजन आधीच असतो आणि ऑक्सिजन 21 टक्के. तेव्हा सुटका होते ती त्या 21 टक्क्यांच्या झिरपण्यापासून. खिळा, काटा, खराब वॉल्व्ह किंवा रिमच्या कडेने होणारी गळती यांना आत कोणता वायू आहे याने काही फरक पडत नाही.

आता उन्हाचं. नायट्रोजन भरला की मे महिन्यात प्रेशर वाढत नाही, असं पंपावर आणि शोरूममध्ये सर्रास सांगितलं जातं. वाढतं. बंद जागेतला कोरडा वायू कुठलाही असो, तो तापमानाप्रमाणे सारखाच फुगतो. 33 पीएसआयच्या टायरात दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पहाटे 28 आणि दुपारी 44 हे काही नवल नाही. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी अडीच पीएसआय वाढणारच. त्यात एक बाजू उन्हात असेल तर त्या बाजूची चाकं सावलीतल्या चाकांपेक्षा जास्त आकडा दाखवतात. महामार्गावर तासभर चालवल्यावर आणखी चार-पाच पीएसआय चढतात. दोन्ही जोड्यांचे गरम आकडे सोबत पाहिले, तर कोणत्या चाकात काय भरलंय ते ओळखता येत नाही.

इथे बरेच जण एक गोष्ट करतात ती धोक्याची आहे. पारोळ्याजवळ पंपावर थांबायचं, गेज 38 दाखवतं, मग घाबरून 33 पर्यंत हवा सोडायची. तोच टायर दुसऱ्या दिवशी सकाळी 28 वर असतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याची बाजू दर फेऱ्याला वाकते-सरळ होते आणि त्या वाकण्यातूनच खरी उष्णता तयार होते. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक कमी हवेने, जास्त वजनाने किंवा जुन्या रबराने. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन तास उभी असेल किंवा फार तर दोन किलोमीटर चालली असेल तरच तो लागू पडतो. गरम टायरची हवा कधीही सोडू नका.

याची उलटी बाजू हिवाळ्यात दिसते. मेमधल्या दुपारी 40 अंशांत 33 भरलेले टायर डिसेंबरच्या पहाटे 10-12 अंशांत साडेचार पीएसआय खाली येतात, आणि त्यात गळती अजून धरलेलीच नाही. चोपडा-शिरपूरकडच्या थंडीत सकाळी लवकर निघणाऱ्यांनी दिवाळीनंतर एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा हवा बघायलाच हवी, आत नायट्रोजन असला तरी.

आता भरण्याची पद्धत. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. टायरात 28 पीएसआय साधी हवा आहे आणि पंपावरच्या मुलाने नायट्रोजनच्या हिरव्या मशीनची नळी लावून 33 केलं, तर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून जेमतेम 19 वर येतो. याला नायट्रोजन भरणं म्हणताच येत नाही. टायर आधी रिकामा करावा लागतो. मशीनमधून 95 टक्के शुद्ध वायू येतो असं धरू. टायर 5 पीएसआयपर्यंत उतरवून 33 ला भरला की ऑक्सिजन 12 टक्क्यांच्या आसपास येतो. पुन्हा उतरवून भरला की 8, तिसऱ्यांदा 6. दोन फेऱ्या तरी हव्यातच. तिसरीने फारसं हाती लागत नाही.

रिकामं करताना चाक जॅकवर उचललेलं बरं. गाडीचं वजन असताना टायर पूर्ण बसला तर बाजू रिम आणि जमिनीच्या मध्ये चिमटते आणि ट्यूबलेसचा बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, रिमवरून सुटू शकतो. मग साध्या कॉम्प्रेसरने तो परत बसता बसत नाही. म्हणूनच शून्यापर्यंत न उतरवता 4-5 पीएसआय आत ठेवायचे. एवढं सगळं नीट करायला चार चाकांना अर्धा तास सहज लागतो. पाच मिनिटांत चारही चाकं झाली आणि वॉल्व्हवर नायट्रोजनची खूण म्हणून हिरव्या टोप्या बसल्या, तर आत काय गेलं ते समजून जा. मशीनवरचा आकडाही बहुतेक वेळा फक्त प्रेशरचा असतो, शुद्धतेचा नसतो. शुद्धता मोजायला ऑक्सिजनचा सेन्सर लागतो. तो आहे का, ते विचारायला संकोच करू नका.

नायट्रोजनची एक बाजू मात्र खरोखर मोलाची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती म्हणजे कोरडेपणा. पंक्चरच्या टपरीवरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं. टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक रोज उघडायचा असतो, पण तो कितीदा उघडला जातो ते कॉकवरच्या गंजावरून कळतं. तेच पाणी फवाऱ्यासारखं टायरात जातं. कोरड्या वायूचा हिशेब वर दिला, पण आत द्रव पाणी असेल तर त्याची वाफ वेगळा दाब आणते : 45 अंशांना जवळजवळ 1.4 पीएसआय, 70 अंशांना साडेचार. हॅचबॅकच्या टायरची आतली जागा 30 लिटर धरली तर एवढी वाफ व्हायला फक्त सहा ग्रॅम पाणी पुरतं, म्हणजे चहाचा एक चमचा. मे महिन्यात महामार्गावर आकडा अपेक्षेपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त चढत असेल तर पहिला संशय पाण्याचा घ्यावा. स्टीलच्या रिमला आतून गंज धरतो तोही यानेच. मग गंजलेल्या कडेला बीड नीट चिकटत नाही आणि हवा हळूहळू जात राहते.

नायट्रोजनचं मशीन हवा कोरडी करून, गाळूनच पुढे ढकलतं, त्यामुळे हा त्रास आपोआप टळतो. पण ड्रायर लावलेल्या कॉम्प्रेसरची साधी हवाही तेच काम करते. साधा उपाय असा : हवा भरण्याआधी नळीची पिन दोन-तीन सेकंद मोकळी दाबून धरा आणि फवारा तळहातावर घ्या. हात ओला झाला तर तिथे भरू नका.

काट्यांबद्दल तर आपल्याकडे सांगायलाच नको. वेड्या बाभळीचा काटा शेतरस्त्यावर ट्यूबलेसमध्ये घुसतो, बाहेरून मोडतो आणि आतलं टोक छिद्रातच बसून राहतं. दोन-तीन दिवसांत चार-पाच पीएसआय अशा बेताने हवा जाते. कापलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पसरलेल्या असल्या की त्यांचे तिरके कापलेले बुंधेही तसेच लागतात. अशा वेळी नायट्रोजन आहे म्हणून महिना-दोन महिने न बघणाऱ्याचं नुकसान जास्त होतं. या वापरातही नायट्रोजनच्या एका चाकात काटा निघाला. त्याचे आकडे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

एकच चाक इतरांपेक्षा वेगाने उतरत असेल तर बाटलीत साबणाचं पाणी करून आधी वॉल्व्हच्या तोंडावर टाका, मग वॉल्व्हच्या बुडाशी, मग रिमच्या कडेने दोन्ही बाजूंनी आणि शेवटी नक्षीवर. तोंडावर फुगे आले तर आतली पिन घट्ट करा किंवा बदला, काही रुपयांचं काम आहे. बुडाशी आले तर वॉल्व्हचं रबर तडकलंय. आपल्या उन्हात हे रबर लवकर कडक होतं, म्हणून टायर बदलताना वॉल्व्ह नवेच टाकून घ्या. आत रबरी वॉशर असलेली टोपी वापरा. धूळ आणि चिखल पिनेपर्यंत जाऊ न देणं हे तिचंच काम. तिचा रंग हिरवा असो की काळा.

बाकीचे दावे पटकन उरकतो. टायर थंड राहतो : नाही, दोन्ही वायूंची उष्णता धरण्याची क्षमता जवळजवळ सारखी आहे. टायर हलका होतो : हो, एका चाकामागे तीन-चार ग्रॅमने. विमानात वापरतात : खरं आहे, अमेरिकेच्या नियमांत मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी अट आहे. पण तिचं कारण वेगळं आहे. जोराचा ब्रेक लागून चाक भयंकर तापलं की टायरच्या आतल्या रबरातून वायू सुटतात आणि ऑक्सिजनबरोबर त्यांचा स्फोट होऊ शकतो. 1986 मध्ये मेक्सिकोत असाच टायर फुटून प्रवासी विमान पडलं होतं. कन्नडच्या घाटात हॅचबॅकचे ब्रेक तापतात, पण टायर त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

मायलेजचा हिशेब असा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यानुसार चारही चाकांत एक पीएसआय कमी झाला की मायलेज सरासरी 0.2 टक्क्याने घटतं. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या आकड्यांप्रमाणे वर्षाच्या शेवटी हवा आणि नायट्रोजनमधला फरक 1.3 पीएसआय, म्हणजे वर्षभराची सरासरी त्याच्या निम्मी. 18 च्या मायलेजने वर्षाला 12,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीला 667 लिटर पेट्रोल लागतं, त्यात बचत जेमतेम लिटरभर. आणि हवा वर्षभर एकदाही बघितली नाही तरच एवढी. महिन्याला हवा बघणाऱ्याची बचत शून्याच्या जवळ जाते. पहिल्यांदा भरायला चाकामागे साधारण 30 ते 50 रुपये आणि पुढे टॉप-अपला 10-20 रुपये लागतात, म्हणजे पैसे वसूल होत नाहीत. पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत देणं पंपचालकाला बंधनकारक आहे, तिचा हक्काने वापर करा.

दुसरी अडचण तालुक्याच्या गावी जाणवते. शहादा-तळोद्याकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याला असताना हवा कमी झाली आणि जवळ नायट्रोजन नसला, तर लोक तसेच चालवत राहतात, कारण दोन्ही मिसळू नये असं कुणीतरी सांगितलेलं असतं. बेधडक मिसळा. आठ टक्के ऑक्सिजन असलेल्या टायरात तीन पीएसआय साधी हवा टाकली तर तो नऊच्या आत राहतो. पाच पीएसआय कमी ठेवून पन्नास किलोमीटर जाणं यापेक्षा कितीतरी वाईट.

नायट्रोजनचा सर्वात चांगला उपयोग मला स्टेपनीत वाटतो. ते चाक डिकीत महिनोन्‌महिने पडून असतं, त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि लागतं तेव्हा नेमकं बसलेलं निघतं. तिथे सावकाश झिरपण्यालाच महत्त्व आहे, काटा नाही की ऊन नाही. चार चाकांचे पैसे वाचवून एका स्टेपनीत दोन फेऱ्यांनी नायट्रोजन भरून घ्या. पूर्ण आकाराची असेल तर स्टिकरपेक्षा 3-4 पीएसआय जास्त ठेवा, मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. बारीक स्टेपनीला तिच्यावर लिहिलेलाच आकडा. चाक डिकीत ठेवताना वॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं ठेवलं, तर सामान न उपसता गेज लावता येतं.